सापडलं? मग दाखव की!

इंग्लंडच्या शेतांमध्ये मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या हौशी मंडळींची दोस्ती चिखलात जुळते आणि 'बघ, मला काय मिळालं' या एका वाक्यावर टिकते. हे वाक्य बोलायचं कुणी टाळलं, तर नुकसान फक्त मैत्रीचं होत नाही.

एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला होता. इंग्लंडच्या सफोक परगण्यातलं हॉक्सन हे गाव, १९९२ सालचा नोव्हेंबर महिना. शेतकऱ्याने मदतीला आपल्या मित्राला बोलावलं. हा मित्र म्हणजे एरिक लॉज, निवृत्त माळी. निवृत्तीच्या वेळी भेट म्हणून मिळालेला मेटल डिटेक्टर त्यांच्याकडे होता. लॉज हातोडा शोधायला लागले आणि मातीतून निघाले चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने, नाणी!

आता तुम्ही त्यांच्या जागी आहात असं समजा. शेतात कुणी नाही, संध्याकाळ होत आलीय आणि पायाखाली सोनं आहे. काय कराल?

लॉज यांनी दोन पिशव्या भरतील एवढ्या वस्तू काढल्या आणि मग खणणं थांबवलं. जमीनमालकाला आणि पोलिसांना कळवलं. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांची टीम तिथे पोचली. खाली रोमन काळाच्या अखेरीस पुरलेली एक पेटी होती. लाकूड कुजून गेलेलं, पण आतल्या वस्तू जशा रचल्या होत्या तशाच होत्या. १४,८६५ नाणी आणि सोन्या-चांदीच्या सुमारे २०० वस्तू! त्यात स्त्रीच्या मूर्तीच्या आकाराची चांदीची मिरपूडदाणीही होती. त्या काळी मिरी आपल्याकडच्या मलबार किनाऱ्यावरून जहाजाने रोमन साम्राज्यात जायची. म्हणजे इंग्लंडच्या त्या शेतात केरळचाही एक धागा पुरलेला होता.

लॉज यांना १७.५ लाख पौंडांचं बक्षीस मिळालं आणि त्यांनी ते आपल्या शेतकरी मित्राबरोबर वाटून घेतलं. हातोडाही सापडला बरं का! तो आता ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे.

बातमी सोन्याची झाली, पण आपण बोलणार आहोत त्या पिशव्या भरल्यावर थांबलेल्या हाताबद्दल आणि असे हात घडवणाऱ्या दोस्तीबद्दल.

रविवारचा कट्टा, गुडघाभर चिखलात

या छंदाला तिकडे 'डिटेक्टिंग' म्हणतात आणि तो करणाऱ्यांना 'डिटेक्टरिस्ट'. गावोगावी त्यांचे क्लब असतात. क्लबमध्ये निवृत्त शिक्षक असतो, ट्रक ड्रायव्हर असतो, नर्स असते, कॉलेजात जाणारी पोरंही असतात. एखाद्या शेतकऱ्याची परवानगी मिळाली की सुट्टीच्या दिवशी सकाळी सगळे त्या शेताच्या बांधावर जमतात. गमबूट, कानाला हेडफोन, हातात लांब दांड्याचं यंत्र, कमरेला छोटं फावडं आणि थर्मासमध्ये चहा असा सगळा जामानिमा असतो.

मग जो तो आपली दिशा पकडतो. मान खाली, यंत्र जमिनीलगत डावीकडून उजवीकडे, अगदी संथ. तासन्‌तास हेच चालतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, यांचं काहीतरी बिनसलंय आणि हे एकमेकांशी बोलत नाहीयेत. पण कुणीतरी हात वर केला की चित्र बदलतं. चार जण शेत तुडवत तिकडे जातात आणि तळहातावरच्या मातीच्या गोळ्याभोवती डोकी जमतात. "बटण आहे." "छे, नाणं आहे, कड बघ." "थांब, घासू नकोस!"

हा शेवटचा सल्ला फार महत्त्वाचा. नवख्याचा हात आपोआप अंगठ्याने माती पुसायला जातो. शेकडो वर्षं जमिनीत असलेल्या नाण्यावरची नक्षी त्या एका घासण्यात जाऊ शकते. ही अक्कल कुठल्या पुस्तकातून येण्याआधी शेजारी उभ्या असलेल्या जुन्या खेळाडूकडून येते.

दिवसअखेर सापडतं काय? बहुतेक वेळा बंदुकीच्या काडतुसांची बुडं, तुटकी बक्कलं, शिवणकामाचं अंगुस्ताण, शिशाच्या गोळ्या आणि कोल्ड्रिंकच्या कॅनच्या कड्या. शेतात पडलेले कॅन गवत कापायच्या यंत्राखाली येऊन त्यांचे बारीक तुकडे होतात. त्या तुकड्यांना या मंडळींनी नावच ठेवलंय, 'कॅन-स्लॉ'. कोबीच्या कोलस्लॉवरून. आपण म्हणू, कॅनची कोशिंबीर!

क्लबच्या बैठकीत टेबलावर या सगळ्या वस्तू मांडल्या जातात. अनेक क्लबांमध्ये 'महिन्याची सर्वोत्तम वस्तू' मतदानाने ठरते. रिकाम्या हाताने आलेलाही मत देतो आणि पुढच्या महिन्यात आपली पाळी येईल म्हणून वाट बघतो. नशिबाचा भाग इतका मोठा आहे, की तीस वर्षं फिरणारा कोरडा राहतो आणि पहिल्याच दिवशी आलेल्या पोरीच्या हाती मध्ययुगीन चांदीचं नाणं लागतं. अशा खेळात फार मिरवता येत नाही.

बीबीसीची 'डिटेक्टरिस्ट्स' ही मालिका नेमकी याच वातावरणावर आहे. मॅकेन्झी क्रूक यांनी ती लिहिली, दिग्दर्शित केली आणि टोबी जोन्सबरोबर तिच्यात कामही केलं. २०१४ मध्ये आलेल्या या मालिकेला पुढच्याच वर्षी बाफ्टा मिळाला. त्यात मारामारी नाही, खून नाही. दोन मित्र शेतात फिरतात, कॅनच्या कड्या उकरतात, झाडाखाली डबा खातात. बिंज-वॉच करायला काहीतरी शांत हवं असेल, तर जरूर बघा.

बीप कशाची असते?

बारावीच्या फिजिक्समधले एडी करंट आठवतात? पेपर झाल्यावर विसरला असाल, तर इथे उपयोगी पडतील. यंत्राच्या टोकाला असलेल्या गोल कॉइलमधून सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं. खाली धातू असेल, तर त्यात एडी करंट तयार होतात. त्या करंटचं स्वतःचं छोटंसं चुंबकीय क्षेत्र असतं. यंत्र ते पकडतं आणि तुमच्या कानात बीप वाजते. साधं नाणं असेल तर साधारण वीतभर खोलीपर्यंत हे जमतं.

टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये असंच यंत्र वापरून अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली बंदुकीची गोळी शोधायचा प्रयत्न केला होता. पलंगाच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या. त्यांनीही यंत्राला गोंधळात टाकलं आणि गोळी काही सापडली नाही. दुसऱ्या महायुद्धात योझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने सैनिकांना हातात धरून चालता येईल असा सुरुंगशोधक तयार केला. १९४२ मध्ये अल अलामेनच्या लढाईत तो वापरला गेला. आजचे छंदाचे डिटेक्टर याच घराण्यातले.

यंत्राची एक खोड मात्र अजून गेलेली नाही. कॅनची ॲल्युमिनियमची कडी आणि सोन्याची छोटी अंगठी, दोघींचा सिग्नल जवळजवळ सारखा येतो. कडीचा आवाज नको म्हणून यंत्राला तो गाळायला सांगितलं, तर अंगठीही गाळली जाते. थोडक्यात काय, सोनं हवं असेल तर कचराही उकरावा लागतो.

म्हणूनच कुणाची लग्नातली अंगठी बागेत किंवा समुद्रकिनाऱ्यावर हरवली, की अशा हौशी लोकांना फोन जातो. चार जण येतात आणि दिवसभर कचरा उकरतात. अंगठी मिळाली, की बऱ्याचदा चहावर भागतं.

एकेकाळचे दुश्मन

आज हे सगळं गोडगोड वाटतं, पण इंग्लंडमध्ये पुरातत्त्वज्ञ आणि डिटेक्टरवाले यांचं एकेकाळी अजिबात पटत नव्हतं. १९८० मध्ये 'स्टॉप' नावाची मोहीम निघाली. 'आमचा भूतकाळ पळवणं थांबवा' असा त्या नावाचा अर्थ. पुरातत्त्वज्ञांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. नाणं मातीतून उपसलं आणि ते नेमकं कुठून, किती खोलवरून, कशाच्या शेजारून निघालं हे कुणी लिहून ठेवलं नाही, तर त्याची अर्धी गोष्ट तिथेच मेली. उरतो तो धातूचा तुकडा.

मग १९९६ मध्ये ट्रेझर ॲक्ट आला. ३०० वर्षांहून जुनी आणि किमान १० टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू सापडली, किंवा अशा जुन्या सोन्या-चांदीच्या नाण्यांची जोडी एकत्र सापडली, तर १४ दिवसांत कॉरोनर या सरकारी अधिकाऱ्याला कळवायचं. म्युझियमला ती हवी असेल, तर तज्ज्ञांची समिती किंमत ठरवते आणि ती रक्कम साधारणपणे शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते.

पण खरी गंमत १९९७ मध्ये सुरू झालेल्या 'पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम'ने केली. बक्कल, बटण, एकटंदुकटं नाणं अशा कायद्याच्या व्याख्येत न बसणाऱ्या वस्तूंचीही नोंद लोकांनी स्वतःहून करावी, म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांत सुमारे ४० अधिकारी नेमले गेले. त्यांनी ऑफिसात बसून वाट बघितली नाही. ते क्लबांच्या बैठकांना गेले, टेबलावरच्या वस्तू बघितल्या, नावं सांगितली, फोटो काढले, शेताचा नेमका ठिकाणा लिहून घेतला आणि वस्तू परत दिल्या. ज्याला आपण 'चोर' म्हणत होतो, तो तर आपल्यासारखाच जुन्या वस्तूंचा वेडा आहे, हे दोन्ही बाजूंना कळलं. आज या नोंदवहीत १५ लाखांहून अधिक वस्तू आहेत आणि त्यावर पीएचडी करणारे विद्यार्थीही आहेत. कुणाचं तरी तुटकं बक्कल कुणाच्या तरी प्रबंधातला नकाशावरचा ठिपका झालंय.

हात थांबला म्हणून

एप्रिल २०१०. सॉमरसेट परगण्यातल्या फ्रोम गावाजवळ डेव्ह क्रिस्प नावाचे गृहस्थ शेतात फिरत होते. पेशाने हॉस्पिटलमधले स्वयंपाकी. एक विचित्र सिग्नल आला म्हणून त्यांनी खणलं, तर छोटं ब्राँझचं नाणं आणि मडक्याचा काठ लागला. आपल्या हाताखाली नाण्यांनी भरलेलं मडकं आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी खड्डा पुन्हा बुजवला आणि पुरातत्त्व अधिकाऱ्यांना कळवलं.

आत ५२,५०३ रोमन नाणी होती, वजन सुमारे १६० किलो! पण आकडा सोडा. पुरातत्त्वज्ञांनी मडकं थराथराने रिकामं केलं आणि त्यात एक कोडं सापडलं. सगळ्यात नव्या, म्हणजे कॅरॉशियस या राजाच्या नाण्यांपैकी बहुतेक नाणी वरच्या थरात नव्हती, ती अर्ध्याहून खाली होती. घरातल्या गल्ल्यासारखं हे मडकं वर्षानुवर्षं भरत गेलं असतं, तर नवी नाणी वर असती. म्हणजे हे सगळं एकाच वेळी ओतलं गेलं असणार. आणि एवढं जड, पातळ मातीचं मडकं भरल्यावर उचलणंही अशक्य. मग ही बचत होती, की देवाला वाहिलेलं दान? अभ्यासक दानाची शक्यता गांभीर्याने घेतात.

क्रिस्प यांनी त्या दिवशी नाणी बादलीत भरून घरी नेली असती, तरी तीच ५२,५०३ नाणी राहिली असती. हा प्रश्न मात्र कुणाला पडलाच नसता.

दोन मित्र, तीस वर्षं

इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावरची रेग मीड आणि रिचर्ड माइल्स यांची गोष्ट तर मैत्रीचीच आहे. एका बाईने त्यांना सांगितलं होतं, की तिच्या वडिलांना पूर्वी एका शेतात चांदीची नाणी दिसली होती. शेत साधारण कुठलं, एवढंच माहीत. शेतकऱ्याने परवानगी दिली, पण पीक निघाल्यानंतरच्या थोड्याशा काळापुरती. दोघे दर वर्षी जायचे आणि परत यायचे. असं जवळजवळ ३० वर्षं चाललं.

२०१२ मध्ये आधी थोडी नाणी मिळाली आणि मग आणखी खोलवरून एक दणदणीत सिग्नल आला. खाली एकमेकांना चिकटलेल्या केल्टिक नाण्यांचा प्रचंड ढिगारा होता. दोघे थांबले आणि तज्ज्ञांना बोलावलं. तो अख्खा ढिगारा मातीसकट उचलून म्युझियममध्ये नेला गेला आणि काचेपलीकडून लोकांना बघता येईल अशा जागी एकेक नाणं सुटं करायला २०१७ उजाडलं. मोजणी झाली ६९,३४७ नाण्यांची.

आपल्या ग्रुपमधला ट्रेकचा प्लॅन तीन महिने टिकत नाही. तीस वर्षं रिकाम्या हाताने एकाच शेतात कुणाबरोबर जाल, हा प्रश्न जरा स्वतःला विचारून बघा.

आणि ज्यांनी दाखवलंच नाही

२०१५ मध्ये हेरफर्डशायरमधल्या लेमिन्स्टर गावाजवळही दोघांना खजिना सापडला. सोन्याचे दागिने, चांदीची कांडी आणि व्हायकिंग काळात पुरलेली सुमारे ३०० नाणी असावीत, असा अंदाज आहे. या दोघांनी कळवलं नाही. नाणी गुपचूप विकली. त्यांनी स्वतःच काढलेले आणि नंतर डिलीट केलेले फोटो पोलिसांनी मोबाइलमधून परत मिळवले आणि प्रकरण उघडं पडलं. २०१९ मध्ये त्यांना अनुक्रमे दहा आणि साडेआठ वर्षांची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती कमी झाली.

रीतसर परवानगी काढून, रीतसर कळवलं असतं, तर बक्षिसाचा घसघशीत वाटा कायदेशीरपणे मिळाला असता. पण त्यांचं नुकसान त्यांच्यापाशी. जी थोडी नाणी हाती आली, त्यातल्या काहींवर वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि मर्सियाचा राजा केओलवुल्फ यांच्या काळातलं चित्र आहे, दोन सम्राट शेजारी शेजारी बसलेले. आल्फ्रेडच्या बाजूने लिहिलेल्या इतिहासात केओलवुल्फला किरकोळ ठरवलंय. नाणी सांगतात, की हे दोघे एकमेकांचे दोस्त राजे होते. बाकीची नाणी कुठे विखुरली आणि त्यांनी आणखी काय सांगितलं असतं, हा हिशोब आता लागणं कठीण.

डिटेक्टरवाल्यांमध्ये रात्री चोरून खणणाऱ्यांना 'नाइटहॉक' म्हणतात. ही शिवी आहे. आणि ती सगळ्यात जोरात देतात ते डिटेक्टरवालेच. कारण एकाने शेत उकरून पळ काढला, की गावातला प्रत्येक शेतकरी पुढच्या दहा जणांना 'नाही' म्हणतो.

मग आपणही एक मशीन मागवायचं का?

मागवण्याआधी थांबा. इंग्लंडचे नियम इंग्लंडपुरते. शेजारच्या आयर्लंडमध्येसुद्धा परवानगीशिवाय जुन्या वस्तू शोधत डिटेक्टर फिरवणं गुन्हा आहे. आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. १९५८ च्या कायद्याने संरक्षित स्मारकांच्या जागी विनापरवाना खोदकामाला बंदी आहे. त्यामुळे गडावर डिटेक्टर नेऊन रील बनवायची आयडिया डोक्यातून काढून टाका.

शिवाय आपल्याकडे 'गुप्तधन' हा शब्दच अंगावर काटा आणणारा. मांत्रिक, अमावास्या, लिंबू, आणि पेपरात येणारे भयानक प्रकार. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याला यात लक्ष घालावं लागलं. दोन्हीकडे जमिनीखालचंच शोधायचं, पण गुप्तधनवाल्याला कुणी बघू नये असं वाटतं आणि क्लबवाल्याला कधी एकदा दाखवतो असं होतं.

आपल्या मातीने काय काय दिलंय, हे आठवायला दायमाबाद पुरे. १९७४ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या गावी एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं खोड खणून काढताना चार ब्राँझच्या वस्तू मिळाल्या. रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा, मिळून ६० किलोहून जड! उत्खनन करणाऱ्या अभ्यासकांनी त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या, काहींना ते पटलं नाही. वाद राहिला, कारण वस्तू शास्त्रीय उत्खननात, ठरावीक थरातून निघालेल्या नव्हत्या. वस्तू हातात असूनही वय सांगताना अभ्यासक अडखळतात ते असे.

सापडलंच काही, तर…

तुमच्यातले कितीतरी जण श्रमदानाला गडांवर जातात, गावी नांगरटीनंतर शेतात फिरतात. यंत्र नसलं तरी डोळे आहेतच. तेव्हा हे लक्षात ठेवा.

जुनं नाणं, मूर्तीचा तुकडा, तोफगोळा दिसला तर उचलू नका. शेजारी पेन किंवा रुपयाचं नाणं ठेवून आहे त्या जागी फोटो काढा, म्हणजे आकार कळेल. मोबाइलवर लोकेशन सेव्ह करा. आणखी खणू नका. घासू नका, धुऊ नका, लिंबू-चिंच तर अजिबात लावू नका. जमीन ज्याची आहे त्याला आधी सांगा, मग तहसील कार्यालयाला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा. नेमकी जागा सोशल मीडियावर टाकू नका, दुसऱ्या दिवशी तिथे कुदळ घेऊन कोण येईल सांगता येत नाही. आणि कॉलेजच्या इतिहास विभागातल्या सरांना किंवा मॅडमना तो फोटो दाखवा. त्यांना नसेल ओळखता आलं, तर ओळखणारा कोण ते त्यांना नक्की माहीत असेल.

तुमच्या ग्रुपमधल्या कुणाच्या घरी आजोबांच्या पेटीत शिवराई असेलच. पुढच्या वेळी कट्ट्यावर बसाल तेव्हा ती आणायला सांगा. हातात घ्या, उलटसुलट करून बघा, ती कुठून आणि कशी आली ते आजोबांना विचारून लिहून ठेवा. एवढ्याला परवाना लागत नाही.